डाउनलोडेकाका

प्रत्येक सोसायटीत एक सेक्रेटरी असतो, एक तक्रारखोर असतो आणि एक डाउनलोडेकाका असतात. सेक्रेटरी निवडणुकीत बदलतो, तक्रारखोर कधीतरी फ्लॅट विकून जातो. डाउनलोडे मात्र जागचे हलत नाहीत. दारावरच्या पाटीवर त्यांचं आडनाव वेगळंच असतं, पण ते फक्त पोस्टमनला माहीत. वय पन्नाशीच्या अल्याड-पल्याड, नोकरी हिशेबखात्यात, मान किंचित पुढे झुकलेली आणि शर्टाच्या खिशात पेनाशेजारी पेनड्राइव्ह. जिन्यात भेटले की ते "कसं काय?" असं विचारत नाहीत, "सध्या काय बघताय?" असं विचारतात. आपण भाबडेपणानं एखाद्या मालिकेचं नाव सांगावं, त्यांनी कीव आल्यासारखं हसावं.

"पहिला सीझन? अहो, आपल्याकडे तिसरा आलाय. एचडी प्रिंट. पेनड्राइव्ह द्या, भरून देतो."

त्यांचं हे "आपल्याकडे" ऐकण्यासारखं असतं. न्यूयॉर्क, सोल आणि अंधेरीतल्या निर्मात्यांनी माल तयार झाला रे झाला की तो थेट यांच्या दारात उतरवावा, असा त्यात थाट असतो.

काकांनी स्वतः ती मालिका पाहिलेली असते का? बहुधा नाही. त्यांच्या चार टीबीच्या हार्डडिस्कवर "बघायचे", "बघायचे नवीन", "नक्की बघायचे" आणि "नक्की बघायचे फायनल" असे फोल्डर आहेत. "बघून झाले" या फोल्डरात एकच सिनेमा आहे आणि तोही अर्धा. रात्री साडेआठला रिमोट काकूंच्या हातात असतो. काका त्यांच्या शेजारी बसून सासू-सुनांची मालिका बघतात; केबलवरून, जाहिरातींसकट, रीतसर पैसे भरून. आतल्या खोलीत लॅपटॉप मात्र रात्रभर जागा असतो. मालिका बघणं हा काकांचा छंद नव्हेच. मालिका आणणं आणि वाटणं, हा छंद.

पैशाचा प्रश्न नाही, तत्त्वाचा आहे, असं त्यांचं म्हणणं. नेटफ्लिक्सनं डिसेंबर २०२१ मध्ये मोबाइलवरचा प्लॅन १९९ रुपयांवरून १४९ वर आणला, तेव्हा "घाबरले!" असं म्हणून त्यांनी तो आपला विजय मानला होता. पण ते १४९ रुपये वाचवण्यासाठी एक हार्डडिस्क आली. ती पडून बिघडली म्हणून दुसरी आली. वेगवान नेटचा वरचा प्लॅन आला, वर्षभराचं व्हीपीएन आलं, तापलेल्या लॅपटॉपखाली ठेवायचा पंखा आला. काकूंनी एकदा वाण्याच्या वहीच्या मागच्या पानावर या सगळ्याची बेरीज मांडली.

"अहो, हे फुकट फार महागात पडतंय आपल्याला."

आयुष्यभर दुसऱ्यांचे हिशेब तपासणाऱ्या माणसानं ती बेरीज तपासायला नकार दिला.

ही परंपरा तशी जुनी आहे. ऐंशीच्या दशकात व्हीसीआर भाड्यानं आणून एका रात्रीत तीन-तीन पिक्चर संपवणाऱ्या चाळीत काका वाढले. मग केबलवाला आला. तो नवाकोरा सिनेमा लावायचा आणि पडद्याच्या तळाशी साडीच्या दुकानाची जाहिरात सरकत राहायची. मग स्टेशनबाहेरच्या फुटपाथवरच्या सीड्या आल्या. मग मोबाइलच्या टपऱ्या आल्या. कार्ड द्या, गाणी-पिक्चर भरून घ्या. २०१६ मध्ये 'सैराट' चित्रपटगृहांत गर्दी खेचत असतानाच त्याची चोरटी कॉपी मोबाइलमधून फिरत होती. त्याच वर्षी 'उडता पंजाब' प्रदर्शनाच्या दोन दिवस आधी इंटरनेटवर आला आणि त्यावर सेन्सॉरसाठीच्या प्रतीची खूण होती. काकांना त्या खुणेचं भारी कौतुक. "सेन्सॉरवाल्यांच्या आधी आपण पाहिला," असं ते आजही सांगतात. सेन्सॉरवाल्यांनी पाहिला नसता तर ती प्रत फुटलीच नसती, हे त्यांना कुणी सांगत नाही.

चित्रपटगृहात कॅमेरा लपवून केलेल्या कॅम प्रिंटला ते हात लावत नाहीत. तिथे नायिका रडत असताना समोरून कुणीतरी पॉपकॉर्न घेऊन जातो आणि मागून कुणाचं तरी मूल ओरडतं. सिनेमॅटोग्राफ कायद्यात २०२३ मध्ये दुरुस्ती झाली. असं चोरून चित्रीकरण करणाऱ्याला आता किमान तीन महिने आणि कमाल तीन वर्षं कैद होऊ शकते, दंड तीन लाखांपासून निर्मितीखर्चाच्या पाच टक्क्यांपर्यंत. काका म्हणतात, "बरोबर आहे. इतकी वाईट प्रिंट काढणाऱ्याला शिक्षा झालीच पाहिजे."

त्यांच्या आयुष्यातला सोन्याचा दिवस ऑगस्ट २०१७ मध्ये उगवला. 'गेम ऑफ थ्रोन्स'च्या सातव्या सीझनचा चौथा भाग अमेरिकेत दाखवला जाण्याआधीच फुटला आणि फुटलेल्या प्रतीवर स्टार इंडियाचा शिक्का निघाला. जगभरच्या चाहत्यांनी तो शिक्का पाहिला. मालिकेचं काम सांभाळणाऱ्या कंत्राटी डेटा कंपनीशी संबंधित चौघांना मुंबई पोलिसांनी अटक केली. सोसायटीत ही बातमी काकांनी अशा सुरात सांगितली, जणू घरातलं पोर बोर्डात आलं.

"जगाला कुठून मिळाला माल? आपल्या मुंबईतून!"

"आणि पोलीस कुठले होते?" काकूंनी विचारलं.

"तेही आपल्याच मुंबईचे," असं काका म्हणाले खरे, पण आवाज जरा उतरला होता.

कायद्याची गोष्ट निघाली की काका एक ठेवणीतलं अस्त्र काढतात. २०१६ मध्ये 'ढिशूम' या सिनेमाच्या निमित्तानं अनेक साइट बंद झाल्या. बंद साइट उघडायला गेलं की पडद्यावर दम यायचा, नुसतं पाहिलंत तरी तीन वर्षं कैद आणि तीन लाख दंड. प्रकरण मुंबई उच्च न्यायालयात गेलं. न्यायमूर्ती गौतम पटेल यांनी तो मजकूर बदलायला लावला. गुन्हा पाहण्यात नाही, परवानगीशिवाय वाटण्यात, जाहीर दाखवण्यात, विकण्यात किंवा भाड्यानं देण्यात आहे, असा त्यांच्या म्हणण्याचा आशय होता. काकांनी त्या बातमीचं कात्रण लॅमिनेट करून घेतलं. पाहुण्यांना ते चहाबरोबर दाखवतात.

कात्रणाच्या उत्तरार्धाकडे मात्र त्यांचं कधी लक्ष गेलेलं नाही. टोरेंटची गंमत नेमकी तिथे आहे. ब्रॅम कोहेन या अमेरिकी प्रोग्रॅमरनं २००१ मध्ये बिटटोरेंट आणलं ते सहकारी तत्त्वावर. मोठ्या फायलीचे शेकडो तुकडे होतात. ते तुम्ही कुणा एकाकडून घेत नाही, ज्यांच्याकडे आहेत त्या सगळ्यांकडून थोडे थोडे घेता. आणि तुमच्या हाती आलेला तुकडा त्याच वेळी तुमच्या यंत्रातून पुढच्या अनोळखी माणसाकडे निघालेला असतो. म्हणजे उतरवणारा प्रत्येक जण वाटणाराही असतो. कोण काय घेतंय आणि देतंय ते त्या पंगतीतल्या सगळ्यांना आयपी पत्त्यासकट दिसतं. एरवी दार लावून गुपचूप करायचं हे काम काका चौकात नावाचा फलक लावून करत असतात.

त्यातही काका नुसते वाटेकरी नाहीत, दाते आहेत. फाइल उतरली की लोक टोरेंट बंद करून पळतात, त्यांना ते कृतघ्न म्हणतात. स्वतः आठवडाभर सीडिंग चालू ठेवतात. टोरेंटच्या खिडकीत हिरवी पट्टी ९९.३ टक्क्यांवर येऊन अडली की रात्री दोन वाजता उठून बघतात. कुण्या देशातला एक सीडर परत येतो, पट्टी पूर्ण होते आणि काका त्या अनोळखी माणसाला अंधारात हात जोडतात. अशी कृतज्ञता त्यांनी मालिका लिहिणाऱ्याला कधी दाखवलेली नाही.

या दातृत्वाचा पहिला फटका बसला तो जर्मनीत. काकांचा भाचा तिथे एमएस करायला गेला. "तिकडे नेट काय सुसाट असेल! लाव डाउनलोडला," असा आशीर्वाद मामांनी विमानतळावरच दिला होता. भाच्यानं एक सिनेमा लावला. पुढे त्याच्या हाती टपालानं एक जाडजूड पाकीट आलं. जर्मनीत निर्मात्यांचे वकील टोरेंटच्या पंगतीत बसून आयपी पत्ते टिपतात, कोर्टाच्या परवानगीनं नेट कंपनीकडून नाव-पत्ता मिळवतात आणि रीतसर नोटीस धाडतात. शेकडो युरो भरा आणि पुन्हा असं करणार नाही हे लिहून द्या. तिथल्या परदेशी विद्यार्थ्यांमध्ये ही पाकिटं चांगलीच माहितीची आहेत. भाच्याचा महिन्याचा किराणा त्यात गेला. मामांनी फोनवर सांत्वन केलं, "अरे, व्हीपीएन लावायचं नाही का?" तेव्हापासून भाचा मामीशीच बोलतो.

भारतात असं पाकीट सहसा येत नाही आणि त्यावरच काकांचं धैर्य उभं आहे. पण महाराष्ट्राला या बाबतीत एक खास मान आहे. १९८१ चा एमपीडीए कायदा ज्यांना वर्षभरापर्यंत स्थानबद्ध करायची मुभा देतो, त्यांची यादी त्याच्या लांबलचक नावातच आहे: झोपडपट्टीदादा, हातभट्टीवाले, अमली पदार्थांचे गुन्हेगार, धोकादायक व्यक्ती, व्हिडिओ पायरेट्स, वाळू तस्कर आणि अत्यावश्यक वस्तूंचा काळाबाजार करणारे. या कायद्याचा रोख चोरट्या प्रतींचा धंदा करणाऱ्यांवर आहे, घरात बसून हार्डडिस्क भरणाऱ्यावर नाही. तरी काकूंनी ती यादी वर्तमानपत्रात वाचली आणि मोठ्यानं वाचून दाखवली.

"एका बाजूला धोकादायक व्यक्ती, दुसऱ्या बाजूला वाळू तस्कर. बघा, शेजार चांगला मिळालाय तुम्हाला."

कायद्यानं केलं नाही ते शेवटी एका फायलीनं केलं. गाजलेल्या मालिकेच्या अखेरच्या भागाची लिंक काकांच्या हाती पडली. भाग उद्या यायचा होता, लिंक आज आली होती. काकांना यात शंका घेण्यासारखं काही वाटलं नाही, उलट ऊर भरून आला. फाइल फक्त दोन एमबीची होती. तासाभराचा भाग दोन एमबीत बसवायचा तर पात्रांना कपडेसुद्धा घालता येणार नाहीत, पण काका त्या वेळी गणिताच्या मनःस्थितीत नव्हते. फायलीच्या नावाच्या शेवटी 'एमकेव्ही' होतं, चित्रही व्हिडिओचंच होतं. विंडोज ओळखीच्या फायलींची शेपटी मुळातच लपवून ठेवतं, त्यामुळे त्यामागचं 'डॉट ईएक्सई' दिसलं नाही. ती मालिका नव्हती, प्रोग्रॅम होता. काकांनी दोनदा क्लिक केलं. काहीच झालं नाही. पुन्हा केलं. पंखा तेवढा घरघरला.

मग डाउनलोडे या व्यक्तिमत्त्वाला साजेसं जे करायचं तेच त्यांनी केलं. फाइल सोसायटीच्या ग्रुपवर टाकली आणि खाली लिहिलं, "माझ्याकडे चालत नाहीये. तुमच्याकडे चालतंय का बघा."

मालिकेच्या नावाखाली विषाणू येणं हा योगायोग नव्हता. कॅस्परस्की या सुरक्षा कंपनीनं एप्रिल २०१९ मध्ये एक अहवाल काढला. २०१८ या वर्षात चोरट्या मालिकांच्या नावाखाली जे विषाणू पसरवले गेले, त्यातले १७ टक्के एकट्या 'गेम ऑफ थ्रोन्स'च्या नावावर होते आणि जवळपास २१ हजार लोकांवर असे हल्ले झाले. त्या वर्षी या मालिकेचा एकही नवा भाग आलेला नव्हता, तरीही. चोरांनी सर्वाधिक वापरले ते सीझनचे पहिले आणि शेवटचे भाग, कारण उतावळे प्रेक्षक तिथेच सापडतात. डाउनलोडेकाकांचा स्वभाव या मंडळींनी काकूंइतकाच अचूक ओळखला आहे.

फाइल खरी निघाली तरी सुटका होतेच असं नाही. काकांना इंग्रजी उच्चार कळत नाहीत म्हणून सबटायटल लागतात आणि ती ते मिळेल त्या साइटवरून घेतात. मे २०१७ मध्ये चेक पॉइंट या कंपनीच्या संशोधकांनी दाखवून दिलं, की सबटायटलच्या फायलीतूनही यंत्राचा ताबा घेता येतो. व्हीएलसी, कोडी, स्ट्रेमिओ हे लोकप्रिय प्लेअर त्यात सापडले होते आणि त्यांना घाईघाईनं दुरुस्त्या काढाव्या लागल्या. ज्यांनी प्लेअर अपडेट केले ते वाचले. काका अपडेट करत नाहीत, कारण अपडेटला डेटा जातो.

लॅपटॉप मंद चालतो, ही त्यांची जुनी तक्रार. त्याचा दोष ते धुळीला देतात, पण कारण दुसरंही असू शकतं. सप्टेंबर २०१७ मध्ये 'द पायरेट बे' या टोरेंटच्या माहेरघरातच एक प्रकार उघडकीला आला होता. साइट उघडली की पाहुण्याच्या यंत्राचा प्रोसेसर न विचारता मोनेरो हे आभासी चलन खणायला जुंपला जायचा. मालिका फुकट, वीजबिल तुमचं आणि नाणी त्यांची.

सगळ्यात मार्मिक नमुना डिसेंबर २०१६ मध्ये सापडला होता. पॉपकॉर्न टाइम या फुकट सिनेमे दाखवणाऱ्या ॲपचं नाव उचलून कुणीतरी खंडणीचा विषाणू तयार केला. तो फायली कुलूपबंद करायचा आणि दोन पर्याय द्यायचा: एक बिटकॉइन भरा किंवा ही लिंक आणखी लोकांना पाठवा, त्यातल्या दोघांनी पैसे भरले की तुमची किल्ली फुकट. फॉरवर्ड करणाऱ्यांच्या या देशात तो विषाणू आजन्म सुखी झाला असता.

सोसायटीतल्या त्या फायलीनं इतकं नाट्य केलं नाही, तरी पुरेसं केलं. तळमजल्यावरच्या आजोबांच्या संगणकावर नातीच्या बारशाचे फोटो उघडेनात. दुसऱ्या मजल्यावर ब्राउझर उघडला की लॉटरीच्या जाहिराती येऊ लागल्या. काकांनी त्यावर उतारा म्हणून टीव्हीवरचे सगळे चॅनेल फुकट दाखवणाऱ्या एका ॲपचं एपीके ग्रुपवर टाकलं. प्ले स्टोअरवर ते नव्हतं. "तिथे चांगल्या गोष्टी ठेवत नाहीत," असं काका म्हणाले. ॲपनं मेसेज वाचायची परवानगी मागितली. खजिनदारांनी ती दिली. मॅच बघायला मेसेज कशाला वाचावे लागतात, हा प्रश्न त्यांना पडला तो रात्री, त्यांनी न मागितलेला ओटीपी येऊन परस्पर वापरला गेला तेव्हा. बँकेनं खातं गोठवलं म्हणून थोडक्यात निभावलं. पुढच्या सर्वसाधारण सभेत काकांच्या पेनड्राइव्हवर अर्धा तास चर्चा झाली. लिफ्टचा विषय पुन्हा पुढच्या सभेवर गेला.

काकांची बाजू अगदीच पोकळ नाही, हेही सांगायला हवं. एक मालिका या ॲपवर, तिचा पुढचा सीझन त्या ॲपवर, सिनेमा तिसऱ्यावर आणि क्रिकेट चौथ्यावर. जुलै २०२३ पासून नेटफ्लिक्सनं एका घराचा पासवर्ड दुसऱ्या घरात चालणं बंद केलं. जून २०२५ पासून ॲमेझॉन प्राइमच्या पैसे भरणाऱ्या ग्राहकांनाही जाहिराती दिसू लागल्या आणि त्या नको असतील तर वर्षाला आणखी ६९९ रुपये. "पैसे घेऊन जाहिराती दाखवतात आणि चोर आम्ही!" असं काका म्हणतात तेव्हा काकूसुद्धा गप्प बसतात. पण हे गाऱ्हाणं सांगणारा माणूस सदस्यत्व सोडून दुसरं काही बघू शकतो, वाचू शकतो, फिरायला जाऊ शकतो. शेजाऱ्यांच्या संगणकात अनोळखी प्रोग्रॅम सोडणं हा त्यावरचा उपाय ठरत नाही. ईवाय आणि आयएएमएआय यांच्या अहवालानं २०२३ मधली भारतातली चोरट्या मनोरंजनाची उलाढाल २२,४०० कोटी रुपये मोजली. तो आकडा ऐकून काका क्षणभर स्तब्ध झाले आणि म्हणाले, "एवढ्यात आपल्या हाती एक रुपया आला नाही." हे त्यांचं त्या दिवसातलं एकमेव अचूक विधान होतं. पैसा साइटवर जुगाराच्या जाहिराती लावणारे कमावतात. काका त्यांचे बिनपगारी वितरक आहेत.

तुमच्या इमारतीतही एक डाउनलोडेकाका असतील. माणूस मनानं वाईट नसतो. अडीअडचणीला धावून येतो, प्रिंटर लावून देतो, वायफायचा पासवर्ड सांगतो. त्यांना चहा द्या, पोहे द्या, पण पेनड्राइव्ह घेऊ नका. त्यांनी पाठवलेलं एपीके टाकलं असेल तर फोनचं नेट आधी बंद करा, ते ॲप काढा आणि बँकेचे पासवर्ड दुसऱ्या यंत्रावरून बदला. पैसे गेलेच असतील तर सभेची वाट पाहू नका. लगेच १९३० या राष्ट्रीय सायबर हेल्पलाइनला फोन करा आणि बँकेला कळवा. तक्रार जितकी लवकर होईल तितकी ती रक्कम वाटेत अडवता येण्याची शक्यता जास्त.